आई पेडण्याची, कागद लिस्बनचा: पोर्तुगीज नागरिकत्वाचा अर्ज कसा करावा

सावंतवाडी-दोडामार्गाकडे ज्या घरात आई किंवा आजी गोव्याची, त्या घरात हा विषय कधी ना कधी निघतोच. कुणाचा तरी मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशी गेलेला असतो, आणि पंगत उठता उठता कुणीतरी विचारतं, "आपल्याला मिळेल काय?" आमच्याकडे हे भाचीने विचारलं. माझी आई गोव्यातल्या पेडण्याची, त्यामुळे कागद जमवायचं काम मामाच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडलं.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. लोक याला दुहेरी नागरिकत्व म्हणतात. पोर्तुगालला दोन नागरिकत्वं चालतात, भारताला चालत नाहीत. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. म्हणजे हा प्रत्यक्षात एक नागरिकत्व सोडून दुसरं घेण्याचा अर्ज आहे. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हा नंतरचा दिलासा. पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान, वडिलांकडून गोव्याचे आंतोनियो कोस्ता यांना २०१७ साली बंगळुरात नरेंद्र मोदींच्या हस्ते हे कार्ड मिळालं, तेव्हापासून अनेकांना वाटतं की ओसीआय म्हणजेच दुहेरी नागरिकत्व. पण ते कार्ड म्हणजे आजन्म येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय आहे. मतदानाचा हक्क त्यात नाही.

मुळात हा दरवाजा उघडा कसा राहिला? गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने. मुक्तीपूर्वी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेली माणसं लिस्बनच्या लेखी जन्माने पोर्तुगीज. दिल्लीने १९६२च्या आदेशाने त्याच माणसांना भारतीय नागरिक केलं. एकाच बाईवर दोन्ही देशांचा दावा.

साखळी मांडा

कागदावर तीन नावं लिहा: मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती, तिचं मूल, आणि तुम्ही. आईकडून नातं असो वा वडिलांकडून, चालतं. १९८१च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार पोर्तुगीज आई किंवा बापाचं परदेशात जन्मलेलं मूल आपला जन्म पोर्तुगालात नोंदवून पोर्तुगीज होऊ शकतं. नेहमीचा रस्ता म्हणजे वरून खाली: आधी थोरल्या व्यक्तीचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवायचा, मग मुलाचा, मग नातवाचा. या रस्त्यात भाषेची परीक्षा नाही. मधली कडी गाळून थेट नातवंड म्हणूनही अर्ज करता येतो, पण मग पोर्तुगीज भाषा येत असल्याचा पुरावा लागतो. साधारण अ-२ पातळीची परीक्षा त्यासाठी देतात.

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. साखळीत ज्याचं नाव नोंदवणार, त्याला आधी नीट समजावून विचारा. पोर्तुगाल म्हणतं की आम्ही जुनीच गोष्ट वहीत उतरवतोय. भारत तसं मानत नाही, आणि लिस्बनला जन्म नोंदवलेल्या अनेक गोवेकरांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले आहेत. एजंट मात्र म्हातारीपुढे फॉर्म सरकवून "हांगा सही कर" एवढंच सांगतो.

मूळ नोंद काढा

गोव्यात नागरी नोंदणी १९१४पासून आहे, त्यामुळे हिंदू घरांच्याही जन्मनोंदी सापडतात. त्याआधीच्या ख्रिस्ती जन्मांसाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. नोंद ज्या तालुक्यात झाली तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे किंवा पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घ्यावा लागतो. जाताना वर्ष, गाव आणि बापाचं नाव न्या. नुसतं "पेडण्याची आजी" सांगून काही मिळत नाही. छापील इंग्रजी दाखल्यावर भागत नाही. मूळ वहीतल्या मजकुराची संपूर्ण नक्कल मागा. गोव्यात तिला 'तेओर' म्हणतात.

आईच्या नोंदीचं पान समोर आलं तेव्हा मला पहिली पाच मिनिटं काहीच वाचता आलं नाही. तिरक्या, एकमेकांत गुंतलेल्या पोर्तुगीज अक्षरांत जन्माची वेळसुद्धा लिहिलेली, खाली आईबापांची आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं. आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शंकर प्रभू. तिथे ते 'शेंकोरा पोरोबो' होते आणि शंकरचं स्पेलिंग एक्सने सुरू होत होतं, कारण पोर्तुगीजांचा एक्स म्हणजे आपला श.

नावांची जुळणी करा

खरा वेळ इथे जातो. प्रभूचा पोरोबो, कामतचा कामोतीम, शेणवीचा सिनाई, पुरुषोत्तमचा पोरशोतोमा होतो. गोव्याच्या वहीत पोरोबो, आधारवर प्रभू, लग्नानंतर सासरचं आडनाव, आणि शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून. लिस्बनमधल्या अधिकाऱ्याला यातलं काहीही ठाऊक नसतं. त्याच्या टेबलावर ही चार वेगवेगळी माणसं आहेत.

एक तक्ता करा. प्रत्येक कागदावरचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं शेजारी शेजारी लिहा. मुळाला हात लावू नका. नंतरचे कागद मूळ नोंदीशी जुळवून घ्या. किरकोळ फरकाला "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र कधी पुरतं, पण तारीख किंवा बापाचं नाव वेगळं असेल तर रीतसर दुरुस्तीच करावी लागते.

मुलाच्या जन्मनोंदीत आणखी एक मेख आहे. आईबापांशी असलेलं नातं मूल अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असतानाच कायद्याने प्रस्थापित झालेलं असावं, असा पोर्तुगीज कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. ज्यांचा जन्म विशीत-तिशीत उशिराने नोंदवला गेला, त्यांनी खर्च करण्याआधी पोर्तुगालातल्या वकिलाला कागद दाखवावेत.

लग्नं विसरू नका

गोव्यातलं लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदलेलं असतं. आपल्याकडे सत्तर सालच्या लग्नाचा पुरावा म्हणजे एक पत्रिका आणि एक धूसर फोटो. महाराष्ट्रात जुन्या लग्नाचीही नोंदणी करता येते. गावात ते काम ग्रामपंचायतीत होतं. पुढे हे लग्न पोर्तुगालातही नोंदवावं लागतं. आणखी एक: तिकडे बाईची जन्मनोंद माहेरच्या नावाने होते. इकडचा पासपोर्ट सासरच्या नावावर असेल तर दोन्हींना जोडणारा हा लग्नाचाच कागद.

शिक्के आणि अर्ज

दाखल्यांचं राज्य सरकारकडून सत्यापन, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का), मराठी कागदांचा पोर्तुगीजमध्ये प्रमाणित अनुवाद, हा क्रम. कोणता कागद थेट चालेल आणि कोणता पणजीच्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासातून प्रमाणित व्हावा लागेल, हे तिथे विचारूनच पुढे जा. अर्ज लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जातो. तुम्ही पाठवू शकता किंवा मुखत्यारपत्र देऊन तिथल्या वकिलामार्फत. सज्ञान मुलाच्या अर्जाची फी १७५ युरो ठरलेली होती, अज्ञान मुलाला ती नव्हती. पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा दर पाहा. कायद्यातही अधूनमधून बदल होतात, तेव्हा शेजाऱ्याच्या जुन्या फाइलवरून आपली फाइल लावू नका.

नंतर थांबायचं. आणि एजंटाला मूळ कागद देऊच नका. "नोंद मिळत नसेल तर करून देतो" म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. बनावट दाखल्याचा गुन्हा अर्जदाराच्या नावावर लागतो.

नोंद झाल्यावर

आधी पोर्तुगीज जन्मदाखला, मग नागरिक कार्ड, मग पासपोर्ट. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे या पासपोर्टवर आता तिथे सरळ जाऊन नोकरी धरता येत नाही, संघातल्या इतर देशांत येते. भारतीय पासपोर्ट जमा करून तसं प्रमाणपत्र घ्या, मतदार यादीतून नाव काढा, मग ओसीआयचा अर्ज करा. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून फिरणं हा गुन्हा आहे. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. ज्यांचं भात आणि माडांचं थोडंफार आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आमच्या घरी मी हे सगळं आईला संध्याकाळी पडवीत बसवून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "माझां मत जातलां काय रे?" जाईल, म्हटलं. "मग नाका."

भाची सध्या पोर्तुगीज शिकते आहे. शेंकोरा पोरोबोची नात नाही, पणती आहे ती. आजी नोंदवून घेत नाही, म्हणजे मधली कडी तीच गळली, आणि पणजोबांवरून पणतीला नातवंडाचा रस्ता लागू होत नाही, हे तिला मी दोनदा सांगितलं. तरी ती शिकते आहे, आणि आजीच्या नोंदीचं ते पान आता मला तीच वाचून दाखवते.