कॉन्फ्लुएन्स सेलपॉइंटला जोडायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

कॉन्फ्लुएन्स म्हणजे कंपनीची माहितीची पानं ठेवायचं अ‍ॅटलासियनचं सॉफ्टवेअर, आणि सेलपॉइंट म्हणजे कोणाला कशाचा अ‍ॅक्सेस आहे ते सांभाळणारं. दोघांना जोडणारा कनेक्टर लावायला फार वेळ लागत नाही, खरं काम त्याच्या आधीचं आहे आणि नेमकं तेच गो-लाइव्हच्या आठवड्यापर्यंत ढकललं जातं, म्हणून क्रमाने लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी बघा की तुमचं कॉन्फ्लुएन्स कुठलं आहे, क्लाउड (अ‍ॅटलासियनच्या सर्व्हरवरचं) की डेटा सेंटर (तुम्ही स्वतः चालवता ते). सर्व्हर एडिशनचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपलाय, अजून त्याच्यावरच असाल तर आधी मायग्रेशन करा, जोडणी नंतर. डेटा सेंटर तुमच्या नेटवर्कच्या आत असतं, मग क्लाउडवरचा सेलपॉइंट तिथे व्हर्च्युअल अप्लायन्समधून (तुमच्या नेटवर्कमध्ये चालणाऱ्या सेलपॉइंटच्या छोट्या सर्व्हरमधून) पोचतो. त्या अप्लायन्सला बाहेर ४४३ पोर्ट उघडा लागतो, आत कॉन्फ्लुएन्सची यूआरएल दिसायला लागते आणि सर्टिफिकेट कंपनीच्या आतल्या सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचं) असेल तर ते अप्लायन्सवर टाकावं लागतं. फायरवॉलचं तिकीट पहिल्याच दिवशी टाका, ते नेहमी अडकतं.

मग युझर डिरेक्टरी. डेटा सेंटरला एडी (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीची युझरची मुख्य यादी) रीड ओन्ली जोडलेलं असेल तर एडीतून आलेले ग्रुप कॉन्फ्लुएन्समधून बदलताच येत नाहीत, म्हणजे रिक्वेस्ट अप्रूव्ह होणार आणि प्रोव्हिजनिंग (अ‍ॅक्सेस प्रत्यक्ष देणं-काढणं) फेल होणार. असे ग्रुप सेलपॉइंटमधल्या एडीच्या सोर्समधूनच (जोडणीतूनच) बदलायचे. क्लाउडलाही तेच, आयडेंटिटी प्रोव्हायडरकडून (लॉगिन सांभाळणाऱ्या सिस्टीमकडून) स्किमने (युझर-ग्रुप आपोआप पाठवायच्या पद्धतीने) आलेले ग्रुप अ‍ॅटलासियनच्या अ‍ॅडमिनमध्ये लॉक असतात. एका ग्रुपचा मालक एकच, हे कागदावर ठरवून घ्या.

एपीआय टोकन (सेलपॉइंट ज्याने कॉन्फ्लुएन्समध्ये शिरतो ती किल्ली) सर्व्हिस अकाउंटचं घ्या, कोणा माणसाचं नको, तो माणूस गेला की जोडणी गेली. आणि क्लाउडवर १५ डिसेंबर २०२४ पासून बनवलेलं एपीआय टोकन जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, त्यामुळे संपायची तारीख टीममधल्या दोन जणांच्या कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर एके दिवशी सकाळी अ‍ॅग्रिगेशन (अकाउंटची माहिती सेलपॉइंटमध्ये आणणं) बंद पडलेलं दिसेल आणि कारण शोधण्यात अर्धा दिवस जाईल.

कोरिलेशनसाठी (कुठलं अकाउंट कुठल्या माणसाचं ते जुळवायला) ईमेल वापरणार असाल तर हे नीट वाचा. क्लाउडच्या एपीआयमधून युझरनेम २०१९ मध्येच गेलं, आता अकाउंट आयडी असतो, आणि माणसाने प्रोफाइलमध्ये ईमेल लपवला असेल तर एपीआयमध्ये तो रिकामा येऊ शकतो, म्हणून कंपनीचा डोमेन व्हेरिफाय करून अकाउंट आधी क्लेम करा (कंपनीच्या ताब्यात घ्या). लग्नानंतर नाव बदललेल्यांचा ईमेल एचआरमध्ये नवा आणि इकडे जुना असतो, कॉन्ट्रॅक्टर जीमेलवरून आलेले असतात, ही यादी हातानेच बनवावी लागते. नावावरून मॅच तर अजिबात करू नका, पुण्याच्या ऑफिसात एकाच नावाचे दोन-तीन कुलकर्णी सहज निघतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे घाई करू नका. गव्हर्नन्सच्या सेटअपमध्ये साधारणपणे ग्रुप एन्टायटलमेंट (द्यायचा, तपासायचा अ‍ॅक्सेस) म्हणून येतात. पण कॉन्फ्लुएन्समध्ये स्पेसची (पानांच्या एका गटाची) परमिशन थेट एका माणसालाही देता येते, आणि लोकांनी वर्षानुवर्षं ती तशीच दिलेली असते, "जरा बघायला दे ना" म्हटलं की दिली. एका क्लायंटकडे मी हे डोळ्यांनी पाहिलंय, फायनान्समधला माणूस दुसऱ्या टीममध्ये गेला, ग्रुपमधून काढला, रिव्ह्यू स्वच्छ निघाला, आणि तो पुढे कित्येक महिने फायनान्सची स्पेस उघडत होता कारण तिथे त्याचं नाव वेगळं लिहिलेलं होतं. चूक त्याची नव्हती, आपल्या रिव्ह्यूला ते दिसतच नव्हतं. म्हणून प्रत्येक स्पेसच्या परमिशनची यादी काढा, व्यक्तीच्या नावाने दिलेली प्रत्येक ओळ स्पेसच्या मालकाला दाखवा, हवी असेल तर ग्रुपमध्ये घाला, नको असेल तर काढा. अ‍ॅनॉनिमस अ‍ॅक्सेस (लॉगिन न करता पाहता येणं) कुठे चालू आहे तेही याच फेरीत बघून घ्या. पर्सनल स्पेस सुरुवातीला सोडल्या तरी चालतं.

ग्रुपची नावं पण साफ करा. मॅनेजरच्या समोर सर्टिफिकेशनमध्ये (अ‍ॅक्सेसच्या रिव्ह्यूमध्ये) "सीएनएफ-टेम्प-२" असलं काही आलं तर तो बिचारा काय ठरवणार, अप्रूव्हच दाबणार. दोष त्याचा नाही, आपण त्याला ठरवायला काही दिलंच नाही. प्रत्येक ग्रुपला एक ओळ साध्या भाषेत, "पगाराच्या पॉलिसीची पानं बदलता येतात" अशी, आणि मालकाचं नाव. अ‍ॅडमिनचे ग्रुप वेगळे ठेवून त्यांना दोन जणांचं अप्रूव्हल लावा, डेटा सेंटरच्या कॉन्फ्लुएन्स-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपला तर रिस्ट्रिक्शन असलेली पानंही उघडता येतात.

सोडून गेलेल्यांचं अकाउंट डिलीट नाही, डिसेबल करा. पानं राहतात, लायसन्स सुटतं. त्यांच्या टोकनवर कुठली स्क्रिप्ट चालतेय का ते मात्र आधी विचारा.

हे झालं की सँडबॉक्समध्ये (चाचणीच्या सेटअपमध्ये) नुसतं अ‍ॅग्रिगेशन चालवा, प्रोव्हिजनिंग बंद ठेवून, आणि आलेल्या अकाउंटचा आकडा कॉन्फ्लुएन्सच्या युझर लिस्टशी ताडून बघा. जुळला, अनकोरिलेटेड (कोणाशीच न जुळलेली) अकाउंट एकेक करून संपवली, की मग एकाच टेस्ट ग्रुपवर प्रोव्हिजनिंग चालू करा, एक माणूस घाला, काढा, परत घाला, आणि प्रत्येक वेळी स्वतः त्या स्पेसमध्ये लॉगिन करून बघा की खरंच उघडतंय आणि खरंच बंद होतंय.