ज्युनिअर वकिलांना रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकवताना

अंबाजोगाईच्या कोर्टात मी २६ वर्षं फौजदारी वकिली करते, कायम आरोपीच्या बाजूनं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरचे अपघात, एरवी पिकअप आणि मोटारसायकली. अशा चार्जशीटमध्ये पुष्कळदा एक पान असतं: संभाजीनगरच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकानं (केमिकल अ‍ॅनालायझर) रक्तातल्या अल्कोहोलबद्दल दिलेला अहवाल. आमच्याकडची नवी मुलं त्या पानापाशी येऊन थांबतात. आकडा दिसला की पक्षकाराला म्हणतात, "दंड भर आन् मोकळा हो." म्हणून कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की चार रविवार मी ज्युनिअर मुलामुलींना माझ्या ऑफिसात बसवते. केज, परळी, रेणापूरहून येतात, गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातलेही दोघंतिघं असतात. तुमच्या गावच्या वकील संघात असं काही सुरू करायचं असेल तर मी कसं करते ते सांगते.

कायदा पहिल्या अर्ध्या तासात फळ्यावर लिहून टाका, त्यात जास्त रेंगाळू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम ६६(२): ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे १०० मिलीत ५० मिलिग्रॅम. रिपोर्टवर टक्केवारी असते आणि मुलं ०.०४ बघून "तीसच्या खाली" म्हणून मोकळी होतात. तो आकडा ४० असतो. हे गणित प्रत्येकाकडून वहीत करून घ्या. कलम २०२ ही वाचून घ्या, १८५ मध्ये अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं. अटकेची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ शेजारीशेजारी लिहायची सवय तिथूनच लागते.

मग मुद्द्याचं काम. दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियम आहेत. त्यातला नियम ४ मी मोठ्यानं वाचून घेते, एकेक वाक्य एकेकाकडून. निर्जंतुक सिरिंज, कातडी निर्जंतुक पाण्यानं पुसायची, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नाही, शिरेतलं किमान ५ सीसी रक्त, गोठू नये म्हणून आणि टिकावं म्हणून औषध घातलेली बाटली, ती जोरात हलवायची, लेबल, लाखेची सील, नमुन्यासोबत पाठवायच्या पत्रावर, म्हणजे फॉर्म बी वर, त्याच सीलचा ठसा, आणि ७ दिवसांच्या आत नमुना प्रयोगशाळेत पोचता करायचा. वाचून झालं की सगळे मान डोलावतात. कळलेलं काहीच नसतं.

म्हणून मी बल्ब फिरवते. दवाखान्यात रक्ताच्या त्या लहान बाटलीला बल्बच म्हणतात, साक्षीतही तोच शब्द येतो. मेडिकलमधून राखाडी टोपणाचे पाच-सहा बल्ब आणायचे आणि त्यात कुंकवाचं पाणी भरायचं. एक मूल डॉक्टर, एक पोलीस हवालदार, एक मुद्देमाल कारकून, एक प्रयोगशाळेत नमुना नेणारा शिपाई. लेबल लिहायचं, लाख वितळवून सील करायचं, फॉर्म भरायचे आणि बल्ब पुढच्याच्या हातात द्यायचा. पुढच्या रविवारपर्यंत तो या चौघांच्या ताब्यात. आठवडाभर कुणी काही बोलायचं नाही.

पुढच्या रविवारी प्रत्येकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं. बल्ब बुधवारी कुठं होता? फ्रिजमध्ये. फ्रिजला कुलूप होतं? नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याची नोंद कुठं आहे? नाही. लेबलवर तारीख कुणाच्या अक्षरातली? एका वर्षी एकानं बल्ब मोटारसायकलच्या डिकीत दोन दिवस तसाच ठेवला होता, मे महिन्यात, आणि शपथेवर सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. दुसऱ्याच्या लाखेवर ठसा नीट उमटला नव्हता, तरी त्यानं फॉर्मवर "सील शाबूत" लिहिलं होतं, कारण तो कॉलम तसाच भरायचा असतो. चार्जशीटमधल्या त्या ओळी माणसं कशी लिहितात, हे स्वतः लिहिल्याशिवाय उमगत नाही. या खेळाला माझा पूर्ण रविवार जातो आणि तो जाऊ द्यावाच.

उन्हाचं कारण त्यांना समजावून सांगा. राखाडी टोपणाच्या बल्बमध्ये सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झॅलेट असतं. ऑक्झॅलेट रक्त गोठू देत नाही, फ्लोराइड जंतूंना आवर घालतं. फ्लोराइड नसेल किंवा कमी पडलं, नमुन्यात कँडिडासारखी बुरशी शिरली असेल आणि बल्ब गरम जागी राहिला, तर रक्तातल्या साखरेपासून बल्बमध्येच अल्कोहोल तयार होऊ शकतं. टोपण ढिलं असेल तर उलट उडूनही जातं. म्हणून "नमुना कुठं आणि कसा ठेवला" हा प्रश्न कधी सोडायचा नाही. पण हेही सांगा की उत्तर चांगलं मिळालं तर तो मुद्दा तिथंच संपला.

तिसऱ्या रविवारी मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवलेल्या एका निवृत्त डॉक्टरांना बोलावते. तुम्हीही तुमच्या भागातल्या डॉक्टरांना बोलवा, वकिलानं ऐकीव शास्त्र शिकवू नये. ते पद्धती समजावतात. जुन्या पद्धतीत डायक्रोमेट वापरायचे, नारिंगी द्रावण अल्कोहोलनं हिरवट व्हायचं, पण दुसरे काही उडणारे पदार्थही तोच रंग आणू शकतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत बंद बाटली तापवून रक्तावरची वाफ यंत्रात सोडतात. अल्कोहोल ठरावीक वेळेला बाहेर येतं आणि त्याची रेघ कागदावर उमटते, शेजारी तुलनेसाठी मुद्दाम घातलेल्या पदार्थाची रेघ असते. रिपोर्टवर फक्त शेवटचा आकडा असतो. तो आलेख, यंत्राचं प्रमाणीकरण, चाचणी एकदा केली की दोनदा, हे मागावं लागतं. सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २९३) प्रमाणे तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, पण त्याच कलमानं कोर्ट त्याला साक्षीला बोलावू शकतं. तसा अर्ज कसा लिहायचा ते मुलांकडून तिथंच लिहून घ्या, कारणासकट. "न्यायाच्या दृष्टीने आवश्यक" एवढ्यावर अर्ज मंजूर होत नाहीत.

डॉक्टरांचा फळ्यावरचा एक हिशोब सगळ्यांना पटतो. घटना साडेनऊची, रक्त साडेअकराला घेतलं, आकडा २८. सरकार पक्ष म्हणतो, दोन तासांत उतरलं, मागे मोजा. १०० मिली रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमनं उतरतं. १० धरलं तर साडेनऊला ४८, २० धरलं तर ६८. म्हणजे दारूबंदीच्या ५० च्या रेषेच्या एकदा खाली, एकदा वर. आणि माणूस घटनेच्या थोडं आधीच प्यायला असेल तर तेव्हा आकडा चढत होता, मागे मोजणंच चुकतं. पण मोटार वाहन कायद्याच्या ३० च्या रेषेला यातला ४८ ही वरच आहे. हे मुलांनी प्रामाणिकपणे पाहिलं पाहिजे. खासगी दवाखान्याचा रिपोर्ट असेल तर तो सीरमवरचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यावरचा, आहे का ते आधी बघा. सीरममधला आकडा अख्ख्या रक्तापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त येतो, सीरमचे ५८ म्हणजे रक्तातले साधारण ५०.

दोन निकाल तोंडपाठ हवेत. १९६३ चा उखा कोल्हे, धुळ्याकडचा, घटनापीठाचा: दारूबंदी कायद्याच्या कलम १२९-अ च्या, म्हणजे वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीच्या कलमाच्या, वाटेनं न घेतलेलं रक्त तेवढ्याच कारणानं पुराव्यातून बाद होत नाही. नियम मोडला म्हणून आरोपी सुटला, असं मानणाऱ्या मुलांना हा आधी वाचायला द्या. आणि १९७१ चा बच्चूभाई करियानी: तोंडाला वास, चाल अडखळती, बोलणं तुटक, बाहुल्या मोठ्या, एवढ्यावरून माणूस नशेत होता असं धरता येत नाही. रक्तच घेतलेलं नसेल तेव्हा हा कामाला येतो.

चौथा रविवार उलटतपासाचा. इथं मी माझी एक गोष्ट सांगते. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका ट्रॅक्टर ड्रायव्हरचं काम होतं. डॉक्टरांच्या सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलानं आधी घेतलेल्या साक्षीत, कातडी कशानं पुसली हे आलंच नव्हतं आणि फॉर्मवर ती ओळ कोरी होती. मी हातात आलेलं सोडून विचारलं, "तुम्ही स्पिरिट वापरलं ना?" डॉक्टर म्हणाले, "नाही, निर्जंतुक पाणी वापरलं." सरकार पक्षाची उणीव मी माझ्या तोंडानं भरून दिली. त्याला शिक्षा झाली. त्याची बायको निकालाच्या दिवशी वऱ्हांड्यात बसलेली होती, तिला काय सांगावं हे मला सुचलं नाही. पुराव्यात जे नाही ते नाहीच राहू द्यायचं, युक्तिवादात त्यावर बोट ठेवायचं.

म्हणून प्रत्येकाला सात चिठ्ठ्या द्या. एका चिठ्ठीवर एक प्रश्न, एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि उत्तर कागदावर दाखवता आलं पाहिजे. "हे म्हणणे खरे आहे की, फॉर्मवर रक्त घेतल्याची वेळ नमूद नाही." "हे म्हणणे खरे आहे की, नमुना दिनांक ३ रोजी घेतला आणि प्रयोगशाळेत दिनांक १४ रोजी मिळाला." दोन गोष्टी एका चिठ्ठीत आल्या तर चिठ्ठी फाडायला लावा. "का" आणि "कसे" नं सुरू होणारी चिठ्ठीही फाडा. डॉक्टरला खोटं पाडायचा सूर नको. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला तो एकटा असतो, त्याचा मान राखून विचारलं तर तो स्वतःहून सांगतो की वेळ लिहायची राहिली.

आणि सगळं नीट असेल, वेळ, सील, सात दिवस, आलेख, तर पक्षकाराला तसं स्पष्ट सांगायला शिकवा. दारू पिऊन चालवलेल्या गाडीखाली गेलेली माणसं मी याच कोर्टात बघितली आहेत. तपासलेला रिपोर्ट खरा निघाला तर तो मान्य करण्यात वकिलाचं काही जात नाही.

गेल्या मे महिन्यात परळीची एक मुलगी निवृत्त डॉक्टरांचा उलटतपास घेत होती. चार प्रश्न विचारले, चारही "हो, खरं आहे". पाचवी चिठ्ठी तिनं हातात धरली, एकदा वाचली, घडी करून कोटाच्या खिशात टाकली आणि बसली. चहाच्या वेळी डॉक्टरांनी ती मागून घेतली. चिठ्ठीवर स्पिरिटचाच प्रश्न होता. "उत्तर तयार ठेवलं होतं मी," ते तिला म्हणाले.