उंदराच्या पोटातला काजवा: गाठीचा उजेड मोजताना या चुका टाळा

पावसाच्या तोंडावर जांबोटीवरून चोर्ल्याकडे निघालात की रस्त्याकडेची झाडं काजव्यांनी लुकलुकताना दिसतात. तोच उजेड आम्ही प्रयोगशाळेत उंदराच्या अंगात शोधत बसतो. काजव्याचं ल्युसिफरेज हे एन्झाइम तयार करणारा जनुक कर्करोगाच्या पेशींत घालायचा, त्या पेशी उंदराला टोचायच्या आणि मग दर वेळी ल्युसिफेरिनचं (या एन्झाइमच्या मदतीने उजेड देणाऱ्या रसायनाचं) इंजेक्शन देऊन अंधाऱ्या पेटीत फोटो घ्यायचा. ल्युसिफेरिन, ऑक्सिजन आणि जिवंत पेशीतलं एटीपी (पेशीचं इंधन) एकत्र आलं की उजेड पडतो. उंदीर मारून गाठ काढायची गरज नाही, तोच उंदीर महिनाभर पुन्हापुन्हा बघता येतो. त्यामुळे प्राणीही कमी लागतात.

मी बेळगावात असल्याच एका यंत्रावर बसते. खानापूर, निपाणी, चंदगडकडची पोरं प्रोजेक्टला येतात. हुशार असतात, पण कॅमेरा गाठ मोजत नाही, फक्त उजेड मोजतो, हे विसरतात. गाठ आणि उजेड यांच्यामध्ये सुई, रक्त, कातडी, केस, भूल आणि घड्याळ असं बरंच काही असतं. बिघडतं ते तिथे.

घड्याळाची चूक

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगते. एका मुलाकडे दहा उंदीर होते. पाच औषधाविना, पाच औषधावर. दहाही उंदरांना एका दमात ल्युसिफेरिन टोचलं. आमच्या पेटीत एका वेळी पाचच मावतात, म्हणून पहिला पिंजरा आधी ठेवला. दोन-तीन एक्स्पोजर झाले, मग दुसरा. पहिल्याचा फोटो इंजेक्शननंतर दहा-बारा मिनिटांनी निघाला, दुसऱ्याचा पस्तिसाव्या मिनिटाला. औषधाचा पिंजरा कायम दुसरा. तीन आठवडे आलेख असा देखणा उतरत होता की पोरगा कुंद्याचा डबा घेऊन आला. "ताई, औषध चाललं की!"

मी व्हर्नियरने (लांबी-रुंदी बारकाईने मोजायच्या पट्टीने) गाठी मोजायला लावल्या. दोन्ही पिंजऱ्यांत सारख्याच. पुढच्या वेळी औषधाचा पिंजरा आधी ठेवला, तर औषध न घेतलेल्या उंदरांच्या गाठी 'कमी' झाल्या. कुंदा आम्ही खाल्ला, आलेख टाकून दिला.

पोटात टोचलेलं ल्युसिफेरिन रक्तात चढतं, उजेड वाढतो, साधारण दहा ते वीस मिनिटांत शिखरावर जातो आणि मग उतरतो. शिखर नेमकं कधी येतं हे गाठीच्या जागेवर आणि उंदराच्या जातीवर अवलंबून असतं. म्हणून नवीन प्रयोग सुरू करताना दोन-तीन उंदीर घेऊन दर दोन मिनिटांनी फोटो काढा, अर्धा तास. जिथे रेघ सपाट होते ते मिनिट वहीत लिहा आणि प्रयोग संपेपर्यंत तेच पाळा. गाठ मोठी झाली की शिखर सरकतं, त्यामुळे अधूनमधून ही रेघ पुन्हा काढावी लागते. प्रत्येक उंदराच्या इंजेक्शनची वेळ वेगळी लिहायची. आणि पेटीत दोन्ही गटांतले उंदीर मिसळून ठेवायचे; एक पिंजरा म्हणजे एक फोटो ही सवय मोडा.

सुई

मात्रा सोपी आहे. किलोला १५० मिलिग्रॅम. मिलिलिटरला १५ मिलिग्रॅम असं द्रावण केलं तर उंदराच्या वजनाच्या दर ग्रॅमला १० मायक्रोलिटर, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर. पण वजन त्याच दिवशी करा. गाठ असलेला उंदीर आठवड्यात वजन गमावू शकतो, आणि पोरं पहिल्या दिवसाचाच आकडा ओढत राहतात.

सुई आतड्यात गेली की ल्युसिफेरिन तिथेच अडकतं. अशा उंदराचा आकडा अचानक मागच्या वेळेच्या दहाव्या हिश्श्यावर येतो आणि शेजारचे चार व्यवस्थित असतात. ही गाठ आटल्याची खूण समजू नका. उंदराचं डोकं थोडं खाली करून, त्याच्या उजव्या बाजूला पोटाच्या खालच्या भागात टोचा. डावीकडे त्याचं मोठं सीकम, म्हणजे आतड्याची पिशवी असते. आमच्या प्राणिगृहातले मामा हे काम इतकं अलगद करतात की उंदीर हलत नाही; मी त्यांच्याकडूनच शिकले. शंका आली तर तो आकडा तसाच ठेवून शेजारी शेरा लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचून बघा.

ल्युसिफेरिनची पूडही सांभाळायची असते. ती उणे २० अंशाला, उजेडापासून दूर ठेवायची. जुलैत आमच्याकडे हवा इतकी दमट असते की फ्रीजरमधून काढलेली बाटली लगेच उघडली तर झाकणाखाली पाणी धरतं. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण फिरवा. द्रावण कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, छोट्या नळ्यांत भरा, फॉइल गुंडाळा. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

"ओ ताई, उंदरं गार पडलीत"

हे मामांचं वाक्य. पावसाळ्यात खोलीत गारठा, वर आयसोफ्लुरेनची भूल. भुलेत उंदराचं अंग पटकन थंड होतं, रक्त संथ होतं, ल्युसिफेरिन गाठीपर्यंत उशिरा पोचतं. शिवाय ल्युसिफरेजच्या उजेडाचा रंगही तापमानाने बदलतो: खोलीच्या तापमानाला शिखर ५६० नॅनोमीटरच्या आसपास (हिरवट-पिवळा), अंगाच्या तापमानाला ६१० च्या आसपास (लालसर). रक्तातलं हिमोग्लोबिन ६०० च्या खालचा उजेड गिळतं. गार उंदीर म्हणजे दोन्हीकडून तोटा. ३७ अंशांची गरम पाटी चालू आहे ना, हे हात लावून बघा. भूल सुरुवातीला २ ते ३ टक्के, नंतर दीड ते २. भूल आधी की इंजेक्शन आधी, हा क्रम काही असो, पण रोज तोच हवा.

केस, कातडी, चारा

काळ्या सी-५७ उंदरांच्या केसांतलं मेलॅनिन उजेड शोषतं. केस काढा, पण ब्लेड लागून खपली आली तर तीही उजेड अडवते. केस पुन्हा उगवायच्या वेळी या उंदरांच्या कातडीवर काळे डाग येतात, तेही बघून ठेवा. पांढरे बाल्ब-सी किंवा बिनकेसांचे न्यूड उंदीर असतील तर हा त्रास नाही.

काजव्याऐवजी फ्लुरोसंट रंग (बाहेरून उजेड टाकला की चमकणारा) वापरत असाल, तर वेगळंच भूत भेटतं. एका मुलीच्या सगळ्या उंदरांची पोटं चमकत होती, गाठ नसलेल्यांचीसुद्धा. कारण खाण्यात निघालं. त्या खाद्यात लसूणघास होता. आपल्याकडे म्हशींना घालतात तोच. त्यातलं हरितद्रव्य लाल उजेडात स्वतःच चमकतं. आठवडाभर लसूणघासाविना खाद्य दिलं आणि पोटं विझली. मार्कर पेनच्या खुणा, पाटीवर सांडलेली लघवी, चिकटपट्टी, यांनीही असाच चकवा मिळतो. उंदीर न ठेवता एक कोरा फोटो काढा, चकवा कळतो.

आकड्यांची चूक

फोटोत लाल-पिवळे रंग दिसतात ते खरे नसतात. सॉफ्टवेअर सगळ्यात मोठ्या आकड्याला लाल करतं, म्हणून पहिल्या आणि चौथ्या आठवड्याचे फोटो आपोआपच्या रंगपट्टीवर शेजारी ठेवले तर गाठ वाढलीच नाही असं वाटतं. सगळ्या फोटोंना एकच पट्टी द्या.

आकडे 'काउंट्स'मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या आकड्यांत, काढू नका. एक्स्पोजर (कॅमेरा उजेड गोळा करतो तो वेळ) किंवा बिनिंग (शेजारचे ठिपके एकत्र मोजणं) बदललं की काउंट्स बदलतात. सेकंदाला किती फोटॉन, या एककात काढा. कॅमेरा १६ बिटचा असेल तर ६५,५३५ ला तो भरतो. त्यापुढे गाठ दुप्पट झाली तरी आकडा हलत नाही. मोठ्या गाठीला कमी एक्स्पोजर, छोटीला जास्त. आणि वीज गेली असेल तर थांबा. वादळात आमच्याकडे तारा तुटणं नवीन नाही. उणे ९० अंशाला थंड असलेला कॅमेरा गरम झाला की फोटोत खसखस पसरल्यासारखी दिसते. तापमान परत स्थिर झाल्याची खूण दिसेपर्यंत हात लावू नका.

उजेड कमी, गाठ मोठी

हे खरंच घडतं, आणि इथे यंत्राची चूक नसते. गाठ वाढली की मधल्या पेशींना रक्त पुरत नाही, त्या मरतात. मेलेल्या पेशीत एटीपी नाही, म्हणजे उजेड नाही. म्हणून कातडीखालच्या गाठीला व्हर्नियरची जोड हवीच: लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. १२ बाय १० मिलिमीटरची गाठ ६०० घनमिलिमीटर भरते. आतल्या गाठींचं अजून अवघड. साधारण एक सेंटीमीटर मांस आड आलं की उजेड दहाव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे फुप्फुसातल्या गाठीची कातडीखालच्या गाठीशी तुलना करू नका आणि उंदीर दर वेळी त्याच कुशीवर ठेवा.

उजेड कमी दिसला म्हणून उंदीर सुखात आहे असंही नाही. नीतिसमितीने मंजूर केलेली गाठीची आणि वजनाची मर्यादा आली की प्रयोग तिथेच थांबतो, आलेख अर्धा राहिला तरी.

फोटो अगदीच काळा आला तर आधी बघा: फिल्टर चुकीचा लागलाय का, द्रावण कुठल्या महिन्याचं आहे, मात्रा किती गेली. सगळं ठीक असेल तर उंदीर बाजूला ठेवा आणि बाटलीतल्या पेशींवर थोडं ल्युसिफेरिन घालून पेटीत ठेवा. निवडीचं अँटिबायोटिक (जनुक असलेल्याच पेशी जगू देणारं) न घालता पेशी महिनोन्‌महिने वाढवल्या की जनुक हळूहळू गप्प होतो. त्या बाटलीतही अंधार असेल, तर आणखी उंदरांना टोचू नका; गोठवून ठेवलेल्या पेशींची जुनी नळी काढा आणि पेशींपासून सुरुवात करा.