पहिला अंक शोधू नका: सुपरहिरो कॉमिक्स वाचायला अशी सुरुवात करा

सिनेमा पाहून आलेला माणूस मूळ कॉमिक्स वाचायचं ठरवतो आणि लगेच पहिला अंक शोधायला लागतो. गाडं तिथेच अडतं. सुपरमॅन छापून आला १९३८ मध्ये, बॅटमॅन १९३९ मध्ये, स्पायडरमॅन १९६२ मध्ये. एकेकाचे शेकडो अंक निघाले आहेत आणि अजून निघतातच. शिवाय अगदी जुने अंक आजच्या वाचकाला जड जातात. चित्रात माणूस खिडकीतून उडी मारताना दिसतो आणि वरच्या चौकटीतही ‘तो खिडकीतून उडी मारतो’ असंच लिहिलेलं असतं.

गोव्यात पेडण्याकडे जत्रेत दशावतारी नाटक पाहायला बसताना कुणी पुराणं पहिल्यापासून वाचून येत नाही. त्या रात्रीचं आख्यान त्या रात्री पुरं होतं. कॉमिक्सचंही तसंच. एक पुरं आख्यान निवडायचं आणि वाचायचं. मागचं जे लागेल ते लेखक ओघात सांगतो. ‘ऑल-स्टार सुपरमॅन’च्या पहिल्या पानावर सुपरमॅनचा सगळा पूर्वेतिहास ४ चित्रांत आणि ८ इंग्रजी शब्दांत उरकला आहे. एवढा पुरतो.

आधी पुस्तकाचा प्रकार ओळखा

महिन्याला निघतो तो सुटा अंक. पानं साधारण ३२, त्यांत गोष्टीची २० ते २२, बाकी जाहिराती. अमेरिकेत याची किंमत ३.९९ ते ४.९९ डॉलर असते आणि तो १५-२० मिनिटांत संपतो. पणजी-मडगाव शटलमध्ये बसलात तर मडगाव यायच्या आत दोन वाचून होतील. नवख्याने सुट्या अंकाच्या नादी लागू नये, कारण बहुतेक वेळा हाती येतो तो गोष्टीचा मधलाच तुकडा.

नवख्यासाठी योग्य म्हणजे ट्रेड पेपरबॅक: ५-६ अंक एकत्र बांधलेलं पातळ पुठ्ठ्याचं पुस्तक, दीड-दोन तासांचं वाचन. तिसरा प्रकार ऑम्निबस, म्हणजे जाड बांधणीचा, कित्येकशे पानांचा ठोकळा. कपाटात तो दिमाखदार दिसतो, पण आडवं पडून वाचायला घेतलात तर मनगट दुखेल. सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी या प्रकाशनाने २०२४ पासून लहान आकाराच्या, स्वस्त ‘कॉम्पॅक्ट’ आवृत्त्या काढल्या आहेत. त्या मिळाल्या तर जरूर घ्या, मात्र अक्षर बारीक आहे. चाळिशी लागली असेल तर दुकानात उघडून पाहूनच पैसे द्या.

या चारांपैकी एक उचला

‘बॅटमॅन: इयर वन’ (१९८७) मूळ ४ अंकांचं आहे. लेखन फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली. गोष्ट जितकी बॅटमॅनची तितकीच गॉर्डन या पोलीस अधिकाऱ्याची. दोघांच्या मनातलं बोलणं वेगवेगळ्या वळणाच्या अक्षरांत लिहिलं आहे. ते ध्यानात आलं नाही तर कोण बोलतंय याचा पहिली दहा पानं घोळ होतो.

‘मिस मार्व्हल’चा २०१४ चा पहिला खंड घरात किशोरवयीन मुलं असतील तर उत्तम. कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची शाळकरी मुलगी. रात्री उशिरा घरी आल्यावर आईची बोलणी कशी खावी लागतात, हे इथल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. या खंडाला २०१५ चा ह्यूगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा पुरस्कार मिळाला.

‘हॉकआय’ (२०१२ पासून २२ अंक, लेखन मॅट फ्रॅक्शन, बरीचशी चित्रं डेव्हिड अजा) म्हणजे अंगात काहीच अद्भुत शक्ती नसलेल्या धनुर्धराचे सुटीच्या दिवसांतले उपद्व्याप. याचा ११वा अंक चक्क कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसांचं बोलणं त्याला तुटक-तुटक कळतं, बाकी सगळं वास आणि खुणांच्या चित्रांतून. चित्र वाचायची सवय लावायला याच्याइतका चांगला धडा नाही.

चौथं वर आलेलंच ‘ऑल-स्टार सुपरमॅन’, १२ अंकांत पुरं होणारं.

‘वॉचमेन’ मात्र पहिलं घेऊ नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. १९८६-८७ चं ते पुस्तक थोर आहे यात वादच नाही. पण ते सुपरहिरोंच्या गोष्टींशी भांडायला लिहिलेलं आहे. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांची ओळखच नसेल तर निम्मी गंमत हुकते. पाच-सहा पुस्तकांनंतर घ्या.

इंग्रजीचा कंटाळा असेल तर राज कॉमिक्सचे हिंदी नागराज (१९८६) आणि सुपर कमांडो ध्रुव (१९८७) आहेतच. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलंत तर त्यांना इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवेल. गोव्यात वेताळ म्हटल्यावर आधी आमोण्याचं देऊळ डोळ्यांसमोर येतं ही गोष्ट वेगळी, पण हा घट्ट पोशाखातला मुखवटेवाला वेताळ १९३६ चा, म्हणजे सुपरमॅनपेक्षाही दोन वर्षांनी थोरला.

पैसे देण्याआधी पाठ पाहा

सर्वांत जास्त फसगत होते ती आकड्यांत. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ १९६३ ला सुरू झालं आणि १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२, २०२५ अशा दर खेपेला ‘अंक १’ पुन्हा छापला गेला. नवा १ आकडा पाहून नवा वाचक येतो, म्हणून प्रकाशक ही युक्ती करतात. तेव्हा मुखपृष्ठावरच्या १ वर विश्वास ठेवू नका. पुस्तकाच्या मागच्या बाजूला किंवा आतल्या बारीक मजकुरात ‘कलेक्टिंग’ किंवा ‘कलेक्ट्स’ या शब्दापुढे कोणत्या मालिकेचे कितवे अंक आहेत हे लिहिलेलं असतं. तिथे तीन गोष्टी पाहा: मालिकेचं नाव, सुरुवातीचं वर्ष, अंकांची साखळी. एकाच मालिकेचे ओळीने १ ते ५ किंवा १ ते ७ असे अंक असतील तर बिनधास्त घ्या. चार वेगवेगळ्या मालिकांचे २३, ४१, ९ असे विखुरलेले अंक दिसले तर ते अनेक मालिकांत पसरलेल्या सुपरहिरोंच्या कुठल्या तरी महायुद्धाचं शेपूट आहे असं समजा आणि परत ठेवा. २००६-०७ च्या ‘सिव्हिल वॉर’चे मुख्य अंक ७ च आहेत, पण त्याला जोडलेल्या इतर मालिकांच्या पुस्तकांचा ढीग पडेल. मुख्य ७ वाचले की गोष्ट कळते.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात सुटा अंक घेताना मधलं पान चाचपा. अंक तारेच्या टाचणीने शिवलेला असतो. मधला कागद निखळला की एकदम ४ पानं जातात, आणि नेमकी हाणामारीचीच जातात.

विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात चक्कर मारून या. १८३२ पासूनचं हे ग्रंथालय. बालविभागापासून शोधायला सुरुवात करा, मोठ्यांनी तिथे जायला लाजू नये. पडद्यावर वाचायचं तर मार्व्हल या प्रकाशनाचं ‘मार्व्हल अनलिमिटेड’ हे ॲप वर्गणीवर मिळतं. नवे अंक तिथे साधारण ३ महिन्यांनी येतात. मोबाईलवर एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, पण तिने पानाची मांडणी हरवते. टॅब असेल तर तो आडवा धरून जोडपान पूर्ण पाहा.

पान वाचायची रीत

डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. चौकटीतही तसंच: वरचा डावा संवादाचा फुगा आधी. नुसते फुगे वाचत सुटणं ही नवख्यांची ठरलेली चूक, आणि मग ‘दहा मिनिटांत संपलं, यात काय आहे’ अशी तक्रार. आधी सगळ्या पानावर नजर फिरवा, मग पहिल्या चौकटीवर या. संवाद बहुधा कॅपिटल अक्षरांत असतो आणि ठळक शब्दावर बोलणाऱ्याचा जोर असतो. टोकेरी कडांचा फुगा म्हणजे ओरडणं, ढगासारखा म्हणजे मनातला विचार, चौकोनी पट्टी म्हणजे निवेदन. ओळ दोन्ही पानांवरून सलग जातेय असं वाटलं तर चित्र मधल्या घडीवरून पलीकडे गेलंय का ते पाहा. गेलं असेल तर दोन्ही पानं मिळून एकच. २०११ च्या ‘बॅटमॅन’च्या ५व्या अंकात नायक चक्रव्यूहात भरकटतो तसं पान आडवं होतं, मग उलटं. पुस्तक फिरवत वाचायचं असतं. छपाईची चूक समजून दुकानदाराकडे परत नेऊ नका.

दुसरं पुस्तक कसं ठरवायचं

पात्राचं नव्हे, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव लिहून ठेवा. एकाच बॅटमॅनला निरनिराळे लोक लिहितात. आवडलेल्या पुस्तकानंतरचा खंड त्याच जोडीचा आहे का ते तपासा. जोडी बदलली असेल तर त्या जोडीचं दुसरं काहीतरी वाचणं बरं. कंटाळा आला तर तिसऱ्या अंकाशी सोडून द्या.

आणि मग येतो पावसाळा

गोव्यात जून ते सप्टेंबर हा कागदाचा वैरी. दमट हवेत गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात, टाचण्या गंजतात आणि गंजाचा तांबूस डाग चार पानं खोल जातो. सुटे अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवा. आजच्या अंकाची रुंदी सुमारे पावणेसात इंच आणि उंची सव्वादहा इंच, तेव्हा पिशवी त्याहून किंचित मोठी हवी. पिशव्या मे महिन्यातच भरा. ओलसर अंक पिशवीत बंद केलात तर बुरशी आतल्या आत वाढते. पुस्तकं उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब, माळ्यावर तर नकोच. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कसर लागलीय का ते महिन्यातून एकदा पाहा. चतुर्थीच्या साफसफाईला कपाट निघतंच. ऊन पडलं असेल तर पुस्तकं उन्हात नको, पंख्याखाली उघडून ठेवा. उन्हाने रंग उडतात, आणि सगळ्यांत आधी लाल.