मंगोलियातल्या गेरमध्ये पाहुणे म्हणून जाताना
जळगावहून निघताना बॅगेत बिबड्या (ज्वारीचे पापड) अन् लसणाची चटणी टाकाच. मंगोलियाच्या माळावर भाजी क्वचित, मांस-दूध भरपूर. जुलैत जा. ११ ते १३ ला नादाम हा उत्सव असतो: कुस्ती, घोड्यांची शर्यत, तिरंदाजी. हमरस्ता सोडला की नुसत्या चाकोऱ्या, म्हणून वाटाड्या हवाच.

गेर म्हणजे दाबलेल्या लोकरीचं गोल घर, दार दक्षिणेला. उंबऱ्यावर पाय देऊ नका, आत डावीकडून जा, मधल्या दोन खांबांमधून जाऊ नका. खारट दुधाचा चहा उजव्या हाताने घ्या. ऐराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, निदान ओठांना लावा. मला ते आंबट ताकासारखं लागलं, फार आवडलं. आजीने वाटी पुन्हा भरली, तेव्हा साक्रीकडच्या मेंढपाळ ठेलारी समाजातल्या मावशीच आठवल्या.