हात थरथरतो, मग पोडियाट्री करू की नको?

पायाच्या डॉक्टरकीत जायचंय पण हात स्थिर नाही, सुईत दोरा ओवताना पण नाटकं होतात, मग ब्लेड कसं धरणार, हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. थोडी थरथर सगळ्यांच्याच हाताला असते. हात समोर ताणून बोटांवर एक कागद ठेवा, त्याची कड हलताना दिसेलच, मोठमोठ्या सर्जनच्या हातावर पण दिसेल. फक्त या कामात हात असा हवेत लटकलेला नसतोच, त्यामुळे हवेतली थरथर बघून करियर ठरवू नका, टेकवलेला हात कसा चालतो ते बघा.

टेकवलेला म्हणजे कसा ते सांगते. समजा तळव्याला कुरूप आहे. डाव्या हाताने पाय घट्ट धरायचा, अंगठ्याने कातडी ताणायची (हे अर्धं काम आहे, ढिल्या कातडीवर भलेभले चुकतात), उजव्या हाताची करंगळी पेशंटच्या पायावरच टेकवायची आणि १५ नंबरचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून पातळ पातळ पापुद्रे काढायचे. पेशंटने गुदगुल्या होऊन पाय झटकला तर करंगळी टेकलेली असल्यामुळे तुमचा हात पण पायासोबतच जातो, म्हणून कापायची भीती कमी. पिवळट कडक थर जाऊन खाली गुलाबी दिसायला लागलं की थांबायचं. डायबेटिसवाल्या पेशंटच्या पायाला बऱ्याचदा संवेदनाच नसते, तो ‘आई गं’ म्हणणार नाही, तिथे तुमचे डोळेच ब्रेक मारतात. खरं सांगायचं तर इथे हातापेक्षा नजर आणि संयम जास्त लागतो.

जाड झालेली नखं हा वेगळा प्रकार, तिथे नाजूकपणा नाही तर पकड लागते. निपर (नखं कातरायची पक्कड) तळहातात बसवून अडकित्त्याने सुपारी कातरतात तसं थोडं थोडं कातरत जायचं, एका दमात अख्खं नख तोडायला गेलात की नख चिरतं आणि तुमचं मनगट पण बोंबलतं. संधिवात किंवा कार्पल टनेल (मनगटात नस दाबली जाणं) असेल तर मला थरथरीपेक्षा याची काळजी जास्त वाटते, कारण दिवसभर एकामागून एक पाय येत असतात. स्प्रिंगवालं, लांब दांड्याचं निपर घेतलं की बराच फरक पडतो. बाकी संवेदना तपासायचा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा तंतू), कंपनं जाणवतात का ते बघायचा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, पायाचा रक्तप्रवाह तपासायचा डॉप्लर, चालण्याची तपासणी, यात हाताच्या सफाईचा फार प्रश्न येत नाही.

आता घरच्या घरी चेक कसं करायचं. कोऱ्या कागदावर हात न टेकवता पेनाने एक मोठं चक्र काढा, आतून बाहेर गोल गोल, मग तेच करंगळी टेकवून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. दुसरं चक्र बऱ्यापैकी गुळगुळीत आलं तर टेन्शनचं कारण कमी. फक्त हे विरार फास्टमधे दांडा धरून लटकत आल्या आल्या किंवा दोन कटिंग चहा मारून करू नका, थकवा, चहा-कॉफी, जागरण, घाबरणं या सगळ्याने थरथर वाढते. आधी शांत बसून करा आणि मग मुद्दाम दमलेल्या संध्याकाळी पण करा, कारण ओपीडी संपेपर्यंत हात तसाच दमलेला असणार आहे.

टेकवूनही रेषा वाकडीतिकडीच येत असेल, किंवा थरथर अलीकडेच सुरू झाली असेल, एकाच हाताला असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. थायरॉईड जास्त असणं, दम्याचा पंप, काही गोळ्या, यांनी पण हात थरथरतात, आणि घरात आई-बाबांना असेल तर इसेन्शियल ट्रेमर (बऱ्याचदा घराण्यात चालत येणारी थरथर) असू शकतो. प्रोप्रानोलॉलच्या गोळीने थरथर थांबते म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून केमिस्टकडून आणून खाऊ नका, दमा असलेल्यांना ती धोक्याची आहे. हाताची नीट तपासणी हवी असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं हाताला जमावीत म्हणून उपचार करणारे) गाठा, ते नऊ खुंट्या भोकांत घालून काढायला किती वेळ लागतो ते मोजतात, पकडीचा आणि चिमटीचा जोर मोजतात. मुंबईकर याबाबतीत नशीबवान आहेत, देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं स्कूल १९५० मधे परळच्या केईएम हॉस्पिटलमधेच कमला निंबकरांनी सुरू केलं, आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे.

प्रॅक्टिससाठी प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकलच्या दुकानातून ३ नंबरचं हँडल आणि १०, १५ नंबरची ब्लेडं घ्या (२० च्या पुढची ४ नंबरच्या हँडलला बसतात, उगाच वाद घालू नका दुकानदाराशी). अंघोळीच्या साबणाच्या वडीवरून इतके पातळ पापुद्रे काढायचे की पलीकडचं दिसलं पाहिजे, करंगळी वडीवर टेकलेलीच हवी. दुसऱ्या हातात कट-रेझिस्टंट ग्लोव्ह घाला. ब्लेड बोटांनी काढायचं नाही, फोर्सेपने काढायचं, वापरलेली ब्लेडं जाड प्लॅस्टिकच्या डबीत साठवून ओळखीच्या क्लिनिकच्या शार्प्समधे (सुया-ब्लेडच्या कचऱ्याच्या डब्यात) द्या, कचरा गोळा करणाऱ्याचा हात कापायला नको. डावखुऱ्यांनो, तुम्हाला नेहमीचंच ब्लेड आणि निपर चालतं, फक्त ट्रे आणि नखं घासायचं ड्रिल दुसऱ्या बाजूला मांडून घ्यायचं, कात्री मात्र डावरी घ्या.

कोर्स निवडताना पण हाताचा विचार करा. आपल्याकडे हे काम बहुतेक करून डायबेटॉलॉजिस्ट, सर्जन, नर्स, फिजिओ हीच मंडळी वेगळं ट्रेनिंग घेऊन करतात. इंग्लंडला तीन वर्षांची डिग्री आणि मग एचसीपीसी या तिथल्या सरकारमान्य नोंदणी संस्थेकडे रजिस्ट्रेशन, त्यात नख काढणं आणि लोकल अॅनेस्थेशिया शिकवतात. अमेरिकेत ग्रॅज्युएशननंतर चार वर्षं आणि वर तीन वर्षांची रेसिडेन्सी, तिथे पायाच्या हाडांची ऑपरेशन्स पण करावी लागतात, म्हणजे हाताकडून मागणी जास्त. पुढे जाऊन इन्सोल, चालण्याचं अॅनालिसिस किंवा शिकवणं असं काही निवडता येतं, पण त्याआधी ब्लेडची प्रॅक्टिकल पास व्हावीच लागते. फी भरायच्या आधी कॉलेजला मेल टाकून टेक्निकल स्टँडर्ड्स (विद्यार्थ्याला शरीराने काय काय जमायला हवं त्याची यादी) मागवा आणि माझ्या हाताला अमुक त्रास आहे, काय सोय देता, हे सरळ लिहून विचारा. इंग्लंडमधे २०१० च्या इक्वॅलिटी अॅक्टखाली (समानतेच्या कायद्याखाली) अपंगत्व म्हणून येणारी अडचण असेल तर वाजवी सोय करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तर लेखी घ्या, फोनवरचं गोड बोलणं नंतर कोणाला आठवत नाही.