गिटारचं पेडल घुमतंय म्हणून लगेच विकू नका भो, आधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात मी चांगलं चालणारं ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटारचा आवाज फाडून जाड करणारी पायाखालची डबी) अर्ध्या किमतीत विकून टाकलं, कारण काय तर आवाज करतंय. दुसरं आणलं, जोडलं, अन अ‍ॅम्पमधून (गिटारच्या स्पीकरमधून) परत तीच घुंऽऽ. वैतागून कूलर बंद केला (जळगावात मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय ते इथल्यांनाच माहीत) तर अर्धा आवाज गायब! उरलेला अर्धा शोधायला आठवडा गेला. तर खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

आवाज नीट न ऐकताच आपण पेडलला धरतो. आधी ऐका ना, कसला आहे तो. जाड एकसुरी घुंऽऽ असेल तर ती लाईनची. आपली लाईन 50 हर्ट्झची, त्यामुळे हम (हीच घुंऽऽ) 50 नाहीतर 100 च्या आसपास बसतो. सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबून वाजवा, तो जी (G) सूर साधारण 98 हर्ट्झचा, हम त्याच्याशी जवळपास जुळला की समजायचं वीज बोलतेय. बारीक चींऽऽ शिट्टी असेल तर डिजिटल पेडलवर संशय घ्या, वायर हलवली की खरखर होत असेल तर केबल किंवा जॅक. अन नुसतं पावसासारखं सूंऽऽ असेल तर गेन (आवाज किती फाडायचा तो नॉब) कमी करा राव, सगळे नॉब घड्याळातल्या पाचला, म्हणजे फुल, नेऊन ठेवल्यावर दुसरं काय होणार.

मग वजाबाकी. सगळी पेडलं काढा, गिटार सरळ अ‍ॅम्पला लावा. हम तसाच? मग पेडलांचा काही संबंधच नाही. आता गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा, हम गेला तर तो पिकअप (तारांखालचं चुंबक अन कॉइल) पकडतोय, सिंगल कॉइल असेल तर हे होणारच, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) निघाला तोच यासाठी, 1955 च्या सुमारास. खुर्चीत गिटार घेऊन हळूहळू गोल फिरा, एका कोनात हम एकदम मरतो, तिथंच बसून वाजवायचं. फॅनचा रेग्युलेटर, ट्यूबची जुनी चोक, कूलरची मोटर, लाईट गेल्यावर चालणारा स्वस्तातला इन्व्हर्टर, हे सगळे यातले गुन्हेगार. सरळ अ‍ॅम्पला सगळं शांत असेल तरच एकेक पेडल परत जोडत जा, अन प्रत्येक वेळी थांबून ऐका.

माझा उरलेला अर्धा आवाज पॉवरमध्ये निघाला, अन बहुतेकांचा तिथंच निघतो. एकच अ‍ॅडॉप्टर, त्याला पाच तोंडांची वायर, अन त्यावर ड्राइव्ह, कोरस (आवाज रुंद करणारं), डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं) सगळे एका पंगतीत. साध्या अ‍ॅनालॉग ड्राइव्हला 5-20 मिलीअँप पुरतात, डिजिटल डिलेला शंभरच्या वरही लागू शकतात, अन त्याच्या आतल्या क्लॉकची (चिपला ताल देणाऱ्या सर्किटची) किरकिर त्याच वायरीतून ड्राइव्हमध्ये शिरते, ड्राइव्ह तिला मोठी करून अ‍ॅम्पला देतो. पडताळायचं कसं, तर ड्राइव्हची अ‍ॅडॉप्टरची पिन काढा अन आत 9 व्होल्टची बॅटरी टाका, बाकी काहीच हलवू नका. शिट्टी गेली? म्हणजे पेडल निर्दोष, वाटून घेतलेली पॉवर दोषी. मी जमिनीवर उकिडवा बसून हे केलं अन दोन मिनिटं स्वतःलाच शिव्या घातल्या. उपाय म्हणजे प्रत्येक आउटपुट वेगळा असलेली आयसोलेटेड सप्लाय, नाहीतर निदान डिलेला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर.

वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर मात्र लावू नका. पिन बसते म्हणून चालेल असं नाही, बहुतेक पेडलांना आतली टोकाची बाजू निगेटिव्ह लागते अन राउटरवाल्याची सहसा पॉझिटिव्ह असते, त्यात तो 12 व्होल्टचा निघाला तर पेडल जाऊही शकतं.

आता सगळ्यात घातक चूक. गावाकडच्या कार्यक्रमात हम आला की कुणीतरी शहाणा म्हणतो, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक. हम जातो कधीकधी, खरंय. पण मग माईकला ओठ लागला अन हात तारांवर असला की झटका बसतो, मला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बसलाय, हळदीच्या गाण्यात मधेच "आई गं" स्पीकरवर गेलं. साधा झटका होता म्हणून हसू येतं, त्याने माणूस मरतोही. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे लूप होतो अन त्यातून हम येतो, म्हणून अ‍ॅम्प अन पेडलबोर्ड एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, मिक्सरला जायचं तर ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीतली अर्थ तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) वापरा. पिन कापायची नाही म्हणजे नाही.

पॅच केबलचं (पेडल ते पेडल जोडणाऱ्या छोट्या वायरीचं) थोडक्यात: आपल्याकडं उन्हाळाभर धूळ, जॅकमध्ये ती जाऊन बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग चार-पाच वेळा आतबाहेर करा. तेल घालू नका, शिलाई मशीन नाहीये ते.

नॉईज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल) घ्यायचाच तर बाकी सगळं करून झाल्यावर घ्या, अन ड्राइव्हच्या नंतर, डिलेच्या आधी लावा, नाहीतर डिलेची शेपटीच कापली जाते.

विकलेलं पेडल सध्या भुसावळच्या एका पोराकडे आहे. परवा त्याच्याकडे वाजवून बघितलं, बॅटरीवर चालवतो तो, काडीचा आवाज नाही. परत देतो का म्हटलं, तर नुसता हसला.